आप्पा कुटनं पळाले

आधी ह्याचा जबाब दे. गावात दुसऱ्या महायुद्धात लढाईला गेलेल्यांच्या नावांची शिळा बसवायलेत, त्याचा कारभारी आपला चुलतभाऊ रेवणसिद्ध. तो भर पंगतीत म्हणाला, मल्लप्पाकाका पळपुटा, लढाई सोडून केमच्या स्टेशनावर चहा विकत बसलेला, त्याचं नाव कोरायचं न्हाय. आणि त्या मल्लप्पाचा एकुलता एक लेक, म्हंजे तू, मठ्ठा वाढणाऱ्याला हाका मारीत हुतास! (मठ्ठा आंबट हुता. मी बी प्याले, पण शिव्या देऊन झाल्यावर.)

बरं. चिरंजीव शिवयोगीस नागव्वाअक्काचे आशीर्वाद. तुजी शुगर कशी हाय? माजे गुडघे जागच्या जागी हायेत, हलत न्हाईत एवढंच.

तर मी नातीला कामाला लावलं. म्हटलं शिवलीला, दिवसभर मोबाईल चोळतीस, जरा पणज्याला हुडक. लढाईतल्या शिपायांची, कैद्यांची कागदं आता त्यात दिसत्यात म्हणं. मल्लप्पा लई निघाले. एक मेलेला, एक बेळगावचा, एक मिशीवाला सैपाकी. आपला कुटंच न्हाय. पोरगी आप्पांच्या बापाच्या जागी आपल्या आजोबांचं नाव घालून घालून थकली. मग माज्या ध्यानात आलं, आजोबा भरतीला नको म्हणाले म्हणून आप्पांनी तितं त्यांच्या मामाला बाप म्हणून हुबं केलं हुतं. (अव्वा आप्पांशी भांडताना हे काढायचीच की.) मामाचं नाव घातलं आणि निघाले! आफ्रिकेत धरले, इटलीत कोंडले, सगळं बयाजवार. पुढची ओळ वाचून शिवलीला माज्याकडं बघायला लागली. "आज्जी, हे कैदेतनं पळाले."

म्हंजे चहाचं सोडलं तर रेवणसिद्ध खोटं बोलला न्हाय. कुटनं पळाले तेवढंच त्याला ठावं नव्हतं.

कागदात पुढं हुतं, तितल्याच डोंगरात एका शेतकऱ्याच्या घरात लपले, लढाई आटपेस्तवर तितंच. मला लगेच शेवया आठवल्या. अव्वा दूध-गूळ घालून वाढायची, आणि आप्पा ताट सारून म्हणायचे, मीठ, लसूण, टोमॅटो घालून कर. अव्वा म्हणायची लढाईत डोकं फिरलं. डोकं कुटलं, जीभ फिरली हुती!

कागद छापून रेवणसिद्धाच्या हातात दिला. विंग्रजीची लई घमेंड, चारचौघांत मोठ्यानं वाचाय लागला आणि 'कैदेतनं पळाले'वर येऊन अडकला. म्हटलं, वाच की पुढं, घसा बसला का? काल पाथरवटानं नाव कोरलं.

तुजी अक्का,
नागव्वा

ता. क. नाव कोरल्याचं कौतुक सांगायला पत्र लिहिलं न्हाय. आप्पा मळ्यात तुला संगं न्यायचे, मला न्हाय. त्या इटलीतल्या घरात चुलीपाशी कोण हुती, ते तुला बोलले असतील. म्हातारी हुती का तरणी? नाव काय? मला भांडायचं न्हाय, अव्वा गेली, आता भांडण कुणाचं? पर एवढा काळ आपल्या बापाला कुणी पोसलं, ते लेकीला कळाय नको?

आणिक एक. उत्तर तुज्या हातानं लिही. सुनेनं लिहायचं न्हाय, ती मोबाईलवरनं साऱ्या भावकीत वाटती. आणि 'मला ठावं न्हाय' म्हणायचं असंल तर अक्कलकोटहून एस्टीनं ये आणि माज्या तोंडावर म्हण.