घरजावयाची चांदणी

९ जानेवारी
आज गावाच्या सामाईक भट्टीत आमच्या घरची बीअर शिजली. सासरे गेल्यावरची पहिलीच, आणि सबंध माझ्या हातची. जवाचा गोड काढा तळघरातल्या टाकीत, त्यात यीस्ट. सहा मार्चला, बीअर तयार झाल्याची खूण म्हणून, दारावरच्या काठीला आमची लाकडी चांदणी लागणार आणि अख्खं गाव अंगणात प्यायला बसणार. शेजारचा इग्नाझ म्हणाला, "जावईबापू, बिघडली तर लाजू नका. माझी टाकी भरलेली आहे." वीस वर्षांत त्याने मला नावाने हाक मारलेली नाही. यंदा मारायला लावतो.
संकल्प: महिनाभर झाकण उघडायचं नाही.

१० जानेवारी, सकाळी ७
झाकण उघडलं. फक्त वास घेतला.

७.१०
नुसता वास म्हणजे अर्धवट काम. चमचा सापडेना. आंबट कोबीच्या पिंपातली लाकडी पळी होती, ती एप्रनला पुसली. ताज्या पावाची चव. माझी जीभ ही देवाची देणगी आहे.

१९ जानेवारी
रोज एकच पळी. काल चार झाल्या, पण काल रविवार होता.

२ फेब्रुवारी
किंचित आंबट. हिरवं सफरचंद. कोवळेपणा आहे, जाईल.

१६ फेब्रुवारी
सफरचंद वाढलंय. बायकोला, वालबुर्गाला, घोटभर दिली. तिने एक डोळा मिटला तो बराच वेळ उघडला नाही. मग म्हणाली, "अहो, हे गावाला पाजणार?" मी म्हटलं, उंची बीअर पहिल्या घोटात कळत नाही. म्हणाली, "मग दुसरा तुम्ही घ्या." घेतला. डोळ्यांत पाणी आलं. अभिमानाचं असणार.

४ मार्च
जिभेला विश्रांती हवी म्हणून वालबुर्गाने मला दिवसभर मावशीकडे धाडलं. बायको जाणती आहे. परतलो तर फाटकात इग्नाझचा ट्रॅक्टर आणि त्याचा रबरी पाइप थेट आमच्या तळघरात. "वहिनींना जरा हातभार," म्हणाला. माझं गुपित चोरायला आला होता. चोरू दे. हाताचा गुण कुठून चोरणार?

६ मार्च, दुपारी ४
चांदणी लावली. पहिला ग्लास मीच भरला. सोनेरी रंग, वर घट्ट पांढरा फेस. घोट घेतला आणि उभ्या जागी नाचलो. आंबटपणा कुठल्या कुठे! आधी ताजा पाव, मागून हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा, आणि लगेच पुढच्या घोटाची तहान. मुरली की सुधारते, हे मी केव्हापासून सांगत होतो.

६ वाजता
अंगण गच्च. बाकावर चढून जाहीर केलं की इग्नाझची बीअर आणि ही, जमीन-अस्मानाचा फरक, डोळे बांधून ओळखीन. लोक पोट धरून हसले. इग्नाझ सगळ्यांत जास्त. हरलेल्याने इतकं मनमोकळं हसावं, कौतुक वाटलं. मुळ्याचं सॅलडही भलतंच चवदार होतं. मी दोनदा वाढून घेतलं, इग्नाझने तीनदा. जाताना माझी पाठ थोपटून म्हणाला, "वा, लोरेन्झ."
लोरेन्झ!

७ मार्च
फडताळात चाळीस बरण्या. प्रत्येकीवर वालबुर्गाच्या अक्षरात: लोरेन्झचं व्हिनेगर. विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "टाकीत इग्नाझभाऊजींची होती. तुमची सॅलडमध्ये."
तळघराच्या पायरीवर जाऊन बसलो. तिथेच इग्नाझ आला, हातात रिकामी बरणी. म्हणाला, "लोरेन्झ, एवढी भरून दे."
भरून दिली. कोबीच्या त्याच पळीने.