आठव्या फोटोतलं दार

ब्राह्मणपुरी,
बुधवार, दुपारी

प्रिय रुचिका,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. तळोद्याच्या लाइनीवर जीप चालवणाऱ्या नवलसिंगच्या हाती ते देतेय, आणि ताईंचं वाचून होईपर्यंत जीप हलवायची नाही असं त्याला बजावलंय. फोन केला असता, पण तू मध्येच ठेवून दिला असतास, आणि तुझी वहिनी म्हणून मला ते चुकीचंही म्हणता आलं नसतं. कागद रागानं भिरकावला तरी तो घरातच पडून राहतो. तुझे दादा आत्ता पपईच्या शेतात गेलेत, ते येईपर्यंत लिहून झालं पाहिजे.

आधी घरची बातमी. आप्पांना येत्या मंगळवारी सुरतला नेतोय. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात, ऑपरेशन आहे. डॉक्टर धीर देतात, पण एकोणऐंशी म्हणजे एकोणऐंशी. आई देवापुढून उठत नाहीत, तुझे दादा उठता-बसता चिडतात, आणि मी गव्हाच्या कोठीत एक कॅमेरा लपवून बसलेय. हसू नकोस. त्या कॅमेऱ्यात आठ फोटोंचा रोल आहे. आठवा फोटो अजून पुरा व्हायचाय, तो मंगळवारच्या आत झाला नाही तर कदाचित कधीच होणार नाही, आणि त्यात तू आहेस.

कॅमेरा तोच, आप्पांचा काळा डबा. म्हसावदच्या शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा घेतलेला. एक भिंग, एकच वेग, मागे आकडा बघायची लाल काच, आणि कडेला रोल पुढं सरकवायची चावी. मी लग्न होऊन आले तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस आणि आप्पांशी तुझं एकच भांडण चालू होतं. लहानपणापासून तू म्हणायचीस, माझा लाल फ्रॉक लाल दिसू द्या. ते म्हणायचे, या डब्याला रंग कळत नाहीत. फ्रॉक गेला, पंजाबी ड्रेस आले, तरी तुझं तुणतुणं तेच. आणि आप्पा कायम काळ्या-पांढऱ्याचेच राहिले.

तेच आप्पा आषाढात मला जवळ बोलावून म्हणाले, यंदा कानबाईच्या सणाला सगळी भाऊबंदकी जमेल, मला रंगीत रोल पाहिजे. मला वाटलं, आजारपणाचा हट्ट. शहाद्याचा स्टुडिओवाला म्हणाला, रोल विकून पंधरा वर्षं झाली, मोबाइलवर काढा की. शेवटी मुंबईच्या एका दुकानाचा नंबर मिळाला. त्या माणसानं तीन प्रकार सांगितले आणि मी ते शाळेच्या धड्यासारखे लिहून घेतले. पहिली स्लाइडची फिल्म: रंग असे की बघत राहावं, पण उजेड जरा कमी-जास्त झाला की फोटो गेला. दुसरी शंभरची निगेटिव्ह: कडक उन्हात छान, ढग आले की काळपट. तिसरी चारशेची: जरा रवाळ, पण श्रावणातल्या उजेडाला पुरते.

आप्पांनी कागद तीनदा वाचून घेतला. एवढी चौकशी त्यांनी माझं स्थळ बघतानाही केली नव्हती. मग एकच प्रश्न विचारला, “यामा कोनती फिल्म चूक पोटमा घाली लेस?” मी परत फोन लावला. दुकानदार म्हणाला, चारशेची निगेटिव्ह घ्या काकू, दुप्पट उजेड पडला तरी ती सांभाळून घेते, फक्त मागच्या लाल काचेवर काळी चिकटपट्टी लावा, जुन्या रोलला लाल उजेड दिसत नव्हता, हिला दिसतो. दुप्पट उजेड कशाला पडेल, असं मला तेव्हा सुचलंही नाही. काकू म्हणाल्याचाच राग आला होता.

मागच्या आठवड्यात, कानबाईच्या सोमवारी सकाळी, देवीला नदीवर न्यायच्या आधी, फोटो झाले. चावी फिरवायचं काम माझ्याकडे. पदराच्या सावलीत पट्टी जराशी उचलायची, आकडा आला की थांबायचं, पट्टी दाबून बसवायची. सात फोटो असे निघाले: देवी, रोट रांधणाऱ्या बाया, लेझीमवाले, कोण कोण. आठवा घरच्यांचा. आप्पांनी डबा ओसरीसमोर स्टुलावर ठेवला, तो हलू नये म्हणून खाली विटेचा तुकडा सारला आणि एकेकाला जागा दिली. आईंना खुर्ची, तुझे दादा त्यांच्या मागे, मी डावीकडे, काका-काकू उजवीकडे. माजघराच्या दारात चुलतभाऊ उभा राहायला गेला तर आप्पा ओरडले, “तठून सरक. दार मोकयं ऱ्हाऊ दे.” आई म्हणाल्या, काय करी ऱ्हायनात तुम्ही, मधोमध भगदाड दिसी. आप्पांनी माजघरातला दिवा मला विझवायला लावला. दार एकदम काळं झालं. मग त्यांनी खटका दाबला.

मी सवयीनं चावीला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. काय पकड होती ग! आजारी माणसाची वाटेना. हळूच म्हणाले, “नको फिरावू. ऱ्हाऊ दे तठेच.” मला वाटलं, विसरले. मग त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं आणि चावीवरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी समजावून सांगितलं. चावी फिरवली नाही तर त्याच फोटोवर दुसरा फोटो उमटतो. जिथं पहिल्यांदा काळोख होता तिथं दुसऱ्यांदा जे उभं राहील ते स्वच्छ येतं. मग खिशातून पाटीवरची पेन्सिल काढली, फरशीवर दाराची चौकट काढली आणि विचारलं, “तिनी पोर आते कितली मोठी व्हयनी?” रुचिका, दहा वर्षांत त्या माणसानं या घरात तुझं नाव घेतलेलं नाही. तेव्हाही घेतलं नाही. मी तळोद्याच्या बाजारात तुम्हाला दोनदा लांबून बघितलंय. कामिनी तुझ्या कमरेच्या वर आलीय, एवढं मी सांगितलं. त्यांनी चौकटीत एक उंच रेघ मारली, शेजारी एक लहान. मग तुझ्या जालमसिंगरावांची उंची विचारली. मला रडू आलं, आणि त्यांनी ते दिसलंच नाही असं केलं.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला आहे. तुझ्या दादांना वाटतं रोल संपला. रोज विचारतात, “रोल सरना ना? काढ मंग, मुंबईला धाडू.” त्यांचंही चुकत नाही. ऑपरेशनच्या आधी तो फोटो मोठा करून आप्पांना दाखवायचाय त्यांना. वरून दगड दिसतात, पण रात्रीतून तीनदा उठून आप्पांचा श्वास चाललाय का बघून येतात. काल मी गोठ्यात होते. परत आले तर ओसरीत कॅमेरा त्यांच्या हातात, पट्टी अर्धी उचकटलेली, बोटं चावीवर. मी एवढ्या जोरात ओरडले की म्हैस बिथरली. म्हटलं, फिरवू नका, आत कागद अडकलाय, ओढला तर सगळे आठही जातील. लग्नाला अठरा वर्षं झाली, एवढं धडधडीत खोटं पहिल्यांदाच बोलले. ते कॅमेऱ्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि डबा परत दिला. त्यांना काही कळलं की काय, देव जाणे. लाल काचेतून उजेड आत गेला असेल तर फोटोवर डाग येईल. तेव्हापासून कॅमेरा गव्हात आहे.

मोटारसायकल वाजली म्हणून थांबले होते. दुसऱ्याच कुणाची निघाली.

आता जे लिहायला दहा वर्षं लागली ते लिहिते. तुम्ही दोघं कोर्टात लग्न करून आशीर्वादाला आलात, तेव्हा आप्पांनी भाऊबंदकीसमोर शब्द दिला, मी जिवंत आहे तोवर ही उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. त्यानंतर आतून कडी लागली. तुला वाटत असेल ती दादांनी लावली. ते मागच्या खोलीत भिंतीला डोकं टेकून उभे होते. कडी मी लावली. मला कुणी सांगितलंही नव्हतं. बाहेरून आलेली सून, चार माणसं बघतायत, आपण घराच्या बाजूचे आहोत हे दाखवावं, एवढीच माझी अक्कल. तू बाहेरून “वहिनी, वहिनी” म्हणत होतीस आणि माझा हात कडीवरच होता. त्या दाराशेजारून रोज शंभरदा जाते मी. त्याचीच माफी मागतेय. नाही दिलीस तरी पुढचं वाच.

आप्पांनी मला हा कॅमेरा घेऊन तळोद्याला जायला सांगितलंय. तुझ्या घरी काळी चादर टांगायची, तुम्हा तिघांना तिच्यापुढं उभं करायचं, पेन्सिलीच्या मापानं खटका दाबायचा आणि परत यायचं. म्हणजे शब्दही मोडत नाही आणि लेकही फोटोत येते. दहा वर्षं खपून म्हाताऱ्यानं ही पळवाट शोधलीय! मी हो म्हटलं, पण मी कॅमेरा आणणार नाही आणि पाठवणारही नाही. चादरीपुढं उभी राहून तू फोटोत येशील, घरात नाही येणार. तूच ये. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, तिघंही या. तुझे दादा घरी असतील, त्यांना मी काही सांगितलेलं नाही. ओरडले तर ओरडू देत. आम्ही सगळे पुन्हा आपापल्या जागी बसू. आमच्यावर दोनदा उजेड पडेल, आम्ही जरा हललेले, दुहेरी दिसू. फिल्म तेवढं सांभाळून घेते, तशीच बघून घेतलीय. दारात पहिल्यांदा काळोखच होता, तिथं तुम्ही तिघं तेवढे स्पष्ट याल. लाल काहीतरी नेस. आणि दार ढकलून बघायचीही गरज पडणार नाही. सकाळपासून मी कडीशीच उभी असेन.

तुझीच,
मोहिनीवहिनी