येते म्हणजे जाते

३ मार्च, सोमवार
मि. प्रिचर्डांकडे फिजिओची तिसरी व्हिजिट. खुब्याचं ऑपरेशन, वय चौऱ्याऐंशी, घरात एकटे. आज किचनपासून दारापर्यंत दोन फेऱ्या केल्या, चालायची फ्रेम धरून. दुसऱ्या फेरीत म्हणाले, "आर्मीतला माझा सार्जंट तुझ्यापेक्षा बरा होता." म्हणजे खूश आहेत. चहा घे म्हणाले, पण पुढचा पेशंट अकराचा. "राइट देन मि. प्रिचर्ड, आय विल कम!" म्हणून पळाले. वाटेत सहा राउंडअबाउट. सहाव्यावर चुकीचा एक्झिट घेतला. ऑक्टोबरपासून इथे आहे, मिल्टन कीन्स अजून मला फिरवतंच आहे.

प्रोबेशन संपायला चार आठवडे. ऑगस्टात या देशात पाच वर्षं, मग इथे राहायची पर्मनंट परवानगी. सुमितने कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवलाय.

६ मार्च, गुरुवार
हेलनने 'क्विक चॅट'ला बोलावलं. मॅनेजरचं क्विक चॅट कधीच क्विक नसतं, आणि चॅट तर नसतंच.

मि. प्रिचर्डांच्या मुलीची तक्रार आलीय. 'दर वेळी निघताना ही बाई सांगते की मी येईन, आणि येत नाही. बाबा खिडकीशी वाट बघत बसतात. सोमवारी संध्याकाळी गाडीचा आवाज आला म्हणून फ्रेम न घेताच उठले. पडता पडता वाचले.'

मी म्हटलं, मी असं कधीच म्हटलेलं नाही. शप्पथ. हेलनने मान कलती केली. ती माझ्याशी शब्द सुटे सुटे करून बोलते, बाळाला घास भरवावा तसं. "मंजिरी. इट. इज. अ. पॅटर्न." आणखी दोन तक्रारी आहेत म्हणे. 'इंडियन बाईचं बोलणं कळत नाही.'

ब्रिस्टलला चार वर्षं काढली. तिथे एकालाही न समजण्यासारखं मी काही बोलले नाही. इथे पाच महिन्यांत बोबडी झाले का?

घरी येऊन सुमितवर चिडले. त्याचा काही दोष नव्हता, तोच घरात होता.

८ मार्च, शनिवार
लिहितानाही तोंड लाल होतंय.

इराला मराठी शाळेतून आणायला गेले. अनघाच्या घरीच भरते ती. दारात अर्धा तास गप्पा, मग "चल गं, येते." गाडीत इरा म्हणाली, "आई, तू नेहमी खोटा बोलते. अनघामावशीला बोलला येते. आपण तर घरी जातो."

ब्रेकच लावला मी. मागच्याने हॉर्न मारला.

आय विल कम. येते! म्हातारा बिचारा किटली लावून बसला असणार. आणि मी गुरुवारी शपथा खात होते.

आईला नागपूरला फोन केला. ती म्हणाली, "मग काय जाते म्हणशील? जाते काय म्हणतात, बाई? जाते म्हणणारा परत येत नाही." बाबा एकदा स्टेशनावर चेष्टेत 'जातो' म्हणाले तर आजीने चारचौघांत त्यांच्या पाठीत धपाटा घातला होता. हे सगळं इंग्रजीत कोणाला आणि कसं सांगू?

खूप हसले. मग मि. प्रि. फ्रेमशिवाय उठताना दिसले डोळ्यांसमोर, आणि रडले. चूक माझी आहे. शंभर टक्के.

१० मार्च, सोमवार
हेलनला सांगायला गेले, तिने आधीच कागद पुढे सरकवला. 'कम्युनिकेशन सपोर्ट प्लॅन'. सहा महिने एकटीने व्हिजिट नाही. प्रोबेशन वाढणार. कॉलेजात इंग्लिशचा क्लास. आणि पहिलंच वाक्य: 'मी मान्य करते की माझ्या भाषेच्या अडचणीमुळे पेशंटना धोका निर्माण होतो.'

"हे तुझ्या मदतीसाठी आहे," हेलन म्हणाली. मी 'येते'चं सांगायला लागले तर म्हणाली, "एक्झॅक्टली, म्हणूनच." सही केली नाही तर अठरा तारखेला पॅनल, एचआरसकट. तिथे प्रोबेशन फेलसुद्धा करू शकतात.

सुमित म्हणतो, कर सही. "कागदच आहे ना? तुझी नोकरी गेली तर व्हिसा गेला. दोन महिन्यांत गाशा गुंडाळा. ऑगस्टपर्यंत मान खाली घाल, मंजू." त्याचं चूक नाही. माझ्या व्हिसावर तिघं आहोत. इराची शाळा, त्याचा जॉब, सगळं.

पण हे वाक्य एकदा फाइलला चिकटलं की सुटेल का? उद्या सीनियरच्या पोस्टला अर्ज केला तर आधी हेच वाचतील. मी चुकले एका वाक्यात. हे माझी अख्खी भाषाच आजारी ठरवतायत. तेरा वर्षं लोकांना पायांवर उभं करतेय मी.

 आमटीत मीठ नव्हतं, सगळ्यांनी तशीच खाल्ली.

१२ मार्च, बुधवार
पॅनलसाठी कागद आले. दोन्ही जुन्या तक्रारी नीट वाचल्या. आणि मग पुन्हा वाचल्या.

पहिली, ६ फेब्रुवारी. अहो, हा तर तो गृहस्थ! दार चार बोटं उघडून म्हणाला, "कोणी इंग्लिश नाही का त्यांच्याकडे?" आणि दार लावलं. 'गुड मॉर्निंग, आय ॲम' एवढंच बोलले होते मी. त्यातलं न कळण्यासारखं काय होतं? त्याच दिवशी सिस्टिमवर नोंद केली होती. कोणी उघडूनही पाहिली नाही.

दुसरी, १७ फेब्रुवारी. एक बाई, गुडघ्याची. 'जिने चढायला सांगत होती, काही समजलं नाही.' नाव नाही, नुसतं 'द इंडियन लेडी'. ही पेशंट मला आठवेचना. शेवटी ही वही काढली. १७ फेब्रुवारी, माझ्याच अक्षरात: 'हाफ टर्म. ब्रिस्टल. इराने पुलावरून खाली बघायला नकार दिला. सु. ने दोन पेस्ट्या (इथल्या तिखट करंज्या) खाल्ल्या, सांगितली एक.'

मी रजेवर होते! ब्रिस्टलमध्ये! जिने चढवत नव्हते, पेस्ट्या मोजत होते!

सुमितला उठवून दाखवलं. त्याने वही दोनदा वाचली. म्हणाला, "पेस्ट्यांचं पण लिहिलंयस?" मग वही मिटून म्हणाला, "नको करू सही." बस. एवढंच. या माणसावर प्रेम आहे माझं.

१८ मार्च, मंगळवार
आधी हेच लिहिते: जिंकले.

आता नीट. हेलन आणि एचआरची एक बाई, पिकलेले केस, चष्मा दोरीला.  सुरुवात केल्यावर कुठून बळ आलं कोण जाणे.

पहिल्यांदा चूक सांगितली. म्हटलं, मि. प्रिचर्डांची तक्रार खरी आहे, गुरुवारी मी नाकारली ते चुकलं, त्यांच्या मुलीची मला माफी मागायची आहे. मग 'येते' समजावलं. आमच्यात निघताना जाते म्हणणं अशुभ. म्हणून येते म्हणायचं, म्हणजे पुन्हा भेट होवो. मी त्यांना आशीर्वाद देत होते, त्यांना ती अपॉइंटमेंट वाटली.

एचआरबाईंनी चष्मा काढला. "आणि खरंच परत यायचं नसेल तर काय म्हणता?"
"येते."
हसू दाबायचा प्रयत्न केला त्यांनी, जमला नाही. हेलन नाही हसली.

म्हटलं, आता मी 'सी यू ऑन ट्यूजडे' म्हणते, वार सांगून. ही चूक फाइलला लावा, माझ्या शब्दांत. पण 'भाषेची अडचण' लिहिणार नाही.

हेलन म्हणाली, "पण तुला पॅटर्न दिसतोय ना?"
मी म्हटलं, "दिसतोय." आणि सहा फेब्रुवारीची माझीच नोंद पुढे ठेवली. मोठ्याने वाचली, दारातल्या वाक्यासकट. हळू, एकेक शब्द सुटा करून. मुद्दाम. मग सतरा तारखेचा रजेचा मंजूर अर्ज. खाली हेलनची सही.

मग म्हटलं, "एका माणसाने मला बोलूच दिलं नाही आणि एका बाईला मी भेटलेच नाही. या दोघांनाही माझी भाषा कळत नाही. हा पॅटर्न माझा आहे का?"

हे मी बोलले! मी! जी चहात साखर कमी असली तर तसाच पिते!

एचआरबाईंनी तो प्लॅन उचलला आणि फोल्डरच्या तळाशी घातला. प्रोबेशन पास. लेखी येईल. उठताना म्हणाल्या, "आय ॲम सॉरी इट गॉट दिस फार." हेलन फाइल नीट करत होती. मान वर न करता म्हणाली, "मग सतराला कोण गेलं होतं ते शोधावं लागेल."

तेव्हा कानावरून गेलं. आनंदात होते. घरी श्रीखंड. विकतचं, दुकानात शेवटचा डबा होता. इरा म्हणाली, "आई, तू जिंकला?" जिंकला बाई, जिंकला.

२१ मार्च, शुक्रवार
पत्र आलं माझं. 'सक्सेसफुली कम्प्लीटेड.' फोटो काढून आईला पाठवला.

आणि दुपारी लिन्सीला पत्र आलं.

आमच्या टीममध्ये इंडियन फिजिओ दोनच. मी आणि लिन्सी. ती कोट्टायमची, माझ्याहून वीतभर उंच, कुरळे केस, वय अठ्ठावीस. जानेवारीत लागली, म्हणजे तिचं प्रोबेशन आत्ता कुठे अर्धं. हेलनला आम्ही दोघी एकच वाटतो, हे मी पॅनलमध्ये सिद्ध केलं. पण त्या दुसऱ्या बाईचं काय होईल, याचा एकदाही विचार केला नाही. खरंच सांगते, सुचलंच नाही. माझ्यावरचा दगड मी उचलला आणि बाजूला टाकला. बाजूला ती होती.

तोच प्लॅन. तेच वाक्य. फक्त नाव बदललंय. एचआरबाईंना कळवलेलंही नसणार.

पार्किंगमध्ये गाठलं तिला. "चेची, तू मला आधी सांगायला हवं होतंस," एवढंच म्हणाली आणि गाडीत बसली. चेची म्हणजे ताई.

२४ मार्च, सोमवार
शनिवार-रविवार दोन मेसेज केले तिला. निळ्या खुणा, उत्तर नाही. सुमित म्हणाला, "तुझं झालंय ना आता, ऑगस्टपर्यंत शांत बस." तो असं म्हणाला याचा राग आला, आणि मलाही क्षणभर तसंच वाटलं याचा जास्त.

आज तिच्या घरीच गेले. दार उघडून उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. मी दारातच म्हटलं, "चुकले. स्वतःपुरतं बघितलं." दार पूर्ण उघडलं तिने. मग म्हणाली, "फिश करी खातेस?" मी म्हटलं, आजपासून खाते.

जेवताना सगळं सांगितलं तिने. त्या बाईंना जिने चढायला सांगितलं, त्यांना चढायचं नव्हतं. "कळलं नाही" म्हणाल्या. लिन्सीने करून दाखवलं. "आता कळलं, पण दुखतं" म्हणाल्या. लिन्सीने हे सगळं नोंदीत लिहिलंय, शब्दन् शब्द. बोलणं कळलंच नसेल तर त्याला असं उत्तर देता येतं का?

पण सही करणार होती ती. पेन काढून ठेवलं होतं. "माझं इंग्लिश तुझ्याएवढं चांगलं नाही, चेची. पॅनलसमोर माझी जीभ अडकते."

तिच्या घरून निघाले तेव्हा पेन माझ्या पर्समध्ये होतं.

२५ मार्च, मंगळवार
पॅनलला सोबत एक सहकारी आणता येतो, पत्रात खाली बारीक अक्षरात आहे. मी माझ्या वेळी वाचलंच नव्हतं. लिन्सीने सही नाकारून सोबतीला माझं नाव कळवलं, पॅनल गुरुवारी. आणि एचआरबाईंना तिची नोंद मी पाठवली, हेलनला कॉपी करून.

दहा मिनिटांत हेलन डेस्कशी. "मंजिरी, तुझं प्रकरण छान मिटलंय. तू या भानगडीत पुन्हा का पडतेस?" काळजीच वाटत होती आवाजात. मी म्हटलं, "भानगड तीच आहे, हेलन. मी अजून बाहेर पडलेलीच नाही."

 बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. पण बोलले.

सुमितला सांगितलं. कपाळाला हात लावला त्याने. मग म्हणाला, "माझा निळा शर्ट इस्त्री करणारच आहे, तुझं जाकीट दे."

२७ मार्च, गुरुवार
पावणेदहा. गाडीत बसून लिहितेय, कार पार्कमध्ये. दहाला पॅनल.

काल संध्याकाळी दोन तास तालीम केली. मी हेलन झाले, मान कलती करून. लिन्सी एवढी हसली की हुंदकेच यायला लागले. मग गंभीर होऊन बोलली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जीभ एकदाही न अडकता. मल्याळी वळणाचं, खणखणीत इंग्लिश. एक शब्द असा नव्हता की जो कोणाला कळू नये.

काय होईल माहीत नाही. एचआरबाई आज असतील की दुसरं कोणी, तेही माहीत नाही. माझं पास झालेलं पत्र पर्समध्ये आहे, ते मात्र आज बाहेर काढायचं नाही. आज तिचा दिवस.

ती आली. लाल कोट, केस मोकळे, मान ताठ. मला हात करतेय.

दोघींना एका दारातून आत येताना बघून हेलनला आमच्यातला फरक कळतो का, ते बघायचंय.