भागीची पखाल

क्लेमेंटी, सिंगापूर
१२ ऑक्टोबर २००८

प्रिय दीक्षा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? मग फाडू नकोस, आधी वाच. ईमेल केली असती तर तू न उघडताच उडवली असतीस, मला माहीत आहे, मीही तेच केलं असतं. म्हणून चार वर्षांनी हे असं कागदावर. काल लायब्ररीत लिहायला बसले तर शेजारची विचारते, एवढं कोणाला लिहितेस, बॉयफ्रेंडला? म्हटलं, नाही गं, जिची गोष्ट मी चोरली तिला. ती खो खो हसली. तू हसणार नाहीस. तुझ्या पणजीची गोष्ट तू लिहिलीस आणि ती अजून माझ्या नावावर आहे. या पत्रात दुसरा विषयच नाही, तेव्हा हवामानाच्या गप्पा मारून तुझा वेळ खात नाही.

आठवतं, तू नागपूरहून आलीस तेव्हा आपण दोघी चौदा वर्षांच्या होतो? एकाच ब्लॉकमध्ये, तुम्ही चौथ्या मजल्यावर, आम्ही अकराव्या. तुझे बाबा, सुगतकाका, युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये, माझे बाबा बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये. वर्गात पहिल्या दिवशी तू दोन वेण्या घालून उभी, आणि ती चिनी पोरं तुझ्या तेलाच्या वासावर काहीतरी बोलली, तर मी त्यांना असं काही झापलं की पुन्हा त्यांनी तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून तू माझी झालीस. माझी म्हणजे अगदी माझी, पेन्सिल माझी असते तशी. तुझं इंग्रजी मी सुधारत होते, आणि मराठीसुद्धा. तू ‘पानी’ म्हणायचीस. मी म्हणायचे, बाई गं, पाणी, पाणी, जीभ वर वळव. चुकलीस की मनगटाला एक चिमटा. तू आधी हसायचीस. मग तुझं मनगट लाल व्हायला लागलं, तरी हसायचीस. मला वाटायचं, किती मजा येतेय आम्हाला.

मग ती वही आली. नागपूरहून तुझे भीमरावआजोबा रविवारी फोनवर त्यांच्या आईची गोष्ट सांगायचे, आणि कॉलिंग कार्ड संपलं की गोष्ट मधेच तुटायची. राहिलेलं तू स्वतः रचायचीस आणि वहीत लिहायचीस. खाली व्हॉइड डेकमध्ये, इमारतीखालच्या त्या मोकळ्या जागेत, त्या दगडी टेबलावर, ज्यावर म्हातारे लोक बुद्धिबळ खेळायचे, तू मला ते वाचून दाखवायचीस. अगं, काय पोरगी होती ती भागी! आई नाही, बाप इंग्रजांच्या पलटणीबरोबर खेचरं हाकणारा, आणि तेरा वर्षांची ही त्याच्या मागोमाग पार सरहद्दीवर, पेशावरच्या पलीकडच्या डोंगरात. खेचराला लाथ मारू नको म्हणून दम देणारी. साहेबाच्या तंबूसमोर भांडणारी, की बापाचे बूट फाटलेत, दुसरे द्या. टोळीवाल्यांच्या गोळ्या सुटल्या की सगळे आडवे पडायचे आणि ही बया मोजत बसायची, किती झाल्या ते. इथे आम्हाला शाळेत इतिहास म्हणून बोटीतून आलेले व्यापारी शिकवायचे. मला त्यातलं कोणी आवडलं नाही. भागी मला इतकी आवडली की तुझा राग आला. पणजी असावी तर अशी, आणि ती हिच्या वाटणीला यावी! माझी पणजी सोवळ्यात स्वयंपाक करून मेली, एवढंच तिच्याबद्दल मला ठाऊक.

शेवटचा प्रसंग तू वाचलास तो दिवस मला पक्का आठवतो. टेकडीवरची चौकी दोन दिवस वेढलेली. पाणी नेणारा भिस्ती गोळी लागून पडलेला. मग भागी कोणाला न विचारता खेचरावर पाण्याने भरलेली कातडी पखाल लादते आणि उभा चढ चढून जाते. वर शिपाई तहानेने काळेठिक्कर पडलेले. त्यांचा हवालदार मोठ्या घरचा, कमरेला पेला लटकतोय. पण तो पेला पुढे करत नाही. तो गुडघ्यावर बसतो, दोन्ही हातांची ओंजळ करतो आणि तोंडाशी धरतो. आणि भागी वरून ओतत राहते. तू लिहिलं होतंस, ‘भागी लई वेळ त्याच्याकडं पायत रायली, मंग वरून पानी वतलं.’ एवढं वाचून तू वही मिटलीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, रडतेस काय, जगले ना सगळे शेवटी. तू म्हणालीस, तुले नाही समजलं. मी म्हटलं, त्यात समजण्यासारखं काय आहे!

काही समजलं नव्हतं गं. खरंच. तेव्हा आपल्या मराठी कट्ट्याची मुलांसाठी कथास्पर्धा होती, आणि तू वही माझ्याकडे दिलीस शुद्धलेखन तपासायला. मी लाल पेन घेऊन बसले. वततचं ओतत केलं, पायतचं पाहत केलं. सगळ्या भागीला मी सदाशिव पेठेत आणून बसवली. आणि ओंजळ वाचून मला वाटलं, ही नागपूरची बावळट, लष्करात पेले नसतात होय? मी लिहिलं, ‘सर्वांनी आपापले पेले पुढे केले आणि भागीने ते काठोकाठ भरले.’ मला ते फार सुरेख वाटलं. आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, जाई, ही तू लिहिलीस? एक क्षण होता, दीक्षा. मी नाही म्हणू शकले असते. मी हो म्हणाले. आईने मला जवळ घेतलं, तसं तिने मला कितीतरी दिवसांत घेतलं नव्हतं. मग तेच फेअर करून, खाली माझं नाव घालून मी देऊन टाकलं.

बक्षीस समारंभ त्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये होता. चारुदत्तकाका परीक्षक. त्यांनी गोष्ट अख्खी वाचून दाखवली, भाषेचं भरपूर कौतुक केलं, माझं नाव पुकारलं. तू तुझ्या आईच्या, बेबीकाकूंच्या शेजारी बसली होतीस, नवा ड्रेस घालून, कारण मी तुला सांगितलं होतं की तुझंच नाव येणार. हे मी का सांगितलं मला आजही कळत नाही. कदाचित तुझं तोंड बघायचं होतं. तू उभी राहिलीस. मला वाटलं, आता ही ओरडणार की गोष्ट माझी आहे. तू म्हणालीस, पेले नव्हते, ओंजळ होती. बस. नाव गेलं त्याचं तुला काही नाही, पेल्यांचं वाईट वाटलं! चारुदत्तकाका गोंधळले. कोणीतरी हसलं. तेव्हा तू म्हणालीस, ती माझी पणजी आहे. आणि माझ्या आईने तिच्या त्या गोड आवाजात विचारलं, अगं हो का, आडनाव काय तुमचं? तू सांगितलंस, रामटेके. अख्ख्या खोलीत त्यानंतर जे झालं त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही. फक्त ते वेफर्सचं पाकीट कोणीतरी फोडत होतं ते थांबलं.

मी घाबरले होते. अशी घाबरले की अजून एक मिनिट गेलं असतं तर सगळं कबूल केलं असतं. म्हणून मी हसले. मोठ्याने म्हटलं, काका, हिला ण आणि न मधला फरक कळत नाही, ही काय गोष्ट लिहिणार? म्हण ना दीक्षा, पाणी. म्हण. आणि तू, मूर्ख मुली, तू म्हणालीस. मनापासून प्रयत्न केलास, जीभ वर वळवलीस, मी शिकवलं होतं तसं. आणि आलं ‘पानी’च. सगळे हसले. माझी आई हसली. तुझ्या मनगटाला हात लावायचीही गरज पडली नाही त्या दिवशी मला.

त्यानंतर तू वही मागायला आलीस. पहिल्यांदा एकटी. मी म्हटलं, दिली ना परत तुला, विसरलीस? दुसऱ्यांदा आलीस तर मी झोपल्याचं सोंग घेतलं. तिसऱ्यांदा बेबीकाकूंना घेऊन आलीस. काकू दाराच्या जाळीबाहेर उभ्या होत्या, म्हणत होत्या, सासऱ्यांनी सांगितलेलं आहे त्यात, लेकरू जेवत नाही, बघा ना जरा घरात. आई म्हणाली, या ना आत, बसा. पाणी आणलं. आमच्याकडे स्टीलचे पेले होते, तू शंभरदा प्यायली होतीस त्यातून. त्या दिवशी आईने कागदाचे कप काढले. सोय किती छान, प्यायलं की फेकून द्यायचं, कोणी काही बोलायला नको! काकूंनी कप हातात धरला आणि न पिता खाली ठेवला. मी दाराआडून बघत होते. वही तेव्हा घरात नव्हती. समारंभाहून आल्या आल्या मी ती स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या चूटमध्ये, थेट तळापर्यंत जाणाऱ्या त्या नळकांड्यात, टाकली होती. अकरा मजले खाली पडताना किती वेळ आवाज येतो तुला कल्पना नाही. म्हणजे ती चौथ्या मजल्यावर तुमच्या भिंतीमागून गेली असणार, तू तेव्हा घरातच होतीस.

पुढच्या वर्षी काकांचं काम संपलं आणि तुम्ही गेलात. मी निरोप द्यायला आले नाही. त्यानंतर मला मैत्रीणच झाली नाही, हे दयेसाठी सांगत नाही, घडलंय ते सांगते. इतरांशी मी गोड वागते. कोणाचं काही सुधारायला जात नाही. पण कोणी मला व्हॉइड डेकमध्ये बसवून काही वाचून दाखवत नाही.

आणि ओंजळ मला कळली. दोन वर्षांपूर्वी आई कोणाला तरी तिच्या आजोळची गंमत सांगत होती. गंमत, हं! दुपारी अंगणात बाया यायच्या, पाणी मागायच्या, आणि आईची आजी पायरीवर उभी राहून वरून पाणी सोडायची, त्यांनी ओंजळीत झेलून प्यायचं, तांब्याला हात लागू नये म्हणून. आई लहान होती, तिला मजा वाटायची, कधी तांब्या तिच्या हाती आला की धार मुद्दाम इकडेतिकडे हलवायची, मग त्या बाया ओंजळ घेऊन तशा तशा सरकायच्या. आई हे हसत सांगत होती आणि मी जेवता जेवता उठले. तेव्हा कळलं की भागी त्या हवालदाराकडे एवढा वेळ का पाहत राहिली. तिच्या गावात ओंजळ तिची असायची. त्या टेकडीवर ओंजळ त्याची होती. बाटायला नको म्हणून त्याने पेला पुढे केला नाही आणि तहानेपायी स्वतःच गुडघ्यावर बसला. सगळी गोष्ट त्या एका ओंजळीत होती आणि मी तिथे पेले घातले. मी तुझ्यासाठी रडले दीक्षा, त्या दिवशी खूप रडले. तुला फोन करावा म्हणून तीनदा नंबर काढला.

केला नाही. त्याऐवजी मी लिहायला बसले. सगळं नव्याने, दोनशे पानं, आणि पेले काढून ओंजळ परत घातली. भागीला तिची बोली परत दिली. तुझे उच्चार माझ्या कानात इतके पक्के आहेत की एकदाही अडले नाही. पुण्याच्या एका प्रकाशकांनी किशोरांसाठी ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती घेतली आहे. ते म्हणाले, ओंजळीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला, एवढ्या लहान वयात हे कुठून सुचलं तुम्हाला! मी म्हटलं, सुचलं. जानेवारीत पुस्तक येतंय. आता गोष्ट अगदी बरोबर आहे, तू वाचलीस तर तुला एक शब्द बदलावासा वाटणार नाही.

फक्त एक अडलंय, म्हणून लिहिते आहे. भीमरावआजोबांनी फार पूर्वी नागपूरच्या कुठल्याशा छोट्या मासिकात त्यांच्या आईवर दोन पानं लिहिली होती, ती संपादकांच्या हाती लागली. त्यात खेचर आहे, टेकडी आहे, ओंजळही आहे. गोष्ट नक्की कोणाची, हे त्यांना आता लेखी हवंय. आजोबा मार्चमध्ये गेले हे मला त्यांच्याकडूनच कळलं, फार वाईट वाटलं. सुगतकाकांना विचारायची माझी हिंमत नाही, म्हणून सही तुझी लागेल. सोबत कागद पाठवलाय. त्यात एवढंच म्हटलंय की ही गोष्ट आपण दोघींनी लहानपणी ऐकलेली, कादंबरी संपूर्णपणे माझी, आणि तू २००४ साली माझ्या सांगण्यावरून वहीत ती फक्त उतरवून घेतलीस. तू आता डॉक्टर होणार, तुला काय करायचंय कादंबरीचं? माझ्याकडे दुसरं काही नाही. ऋणनिर्देशात तुझं नाव घातलंय, ‘सुवाच्य हस्ताक्षरासाठी’ म्हणून, आणि आडनाव घातलेलं नाही, ते तुझ्याच सोयीसाठी. जिथे पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर. महिनाअखेरपर्यंत पोचायला हवं.

तुझीच, अजूनही,
जाई