शनिवारचा केक

सोमवार, ९ मार्च

दादा,

नमस्कार. वहिनी बरी असेल. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. काल जे झालं ते, जसं झालं तसं:

१. तू बेकरीतून आलास, हात ॲप्रनला पुसलेस आणि ठकीच्या कोपरांना मलम लावलंस.
२. लगेच तिथे लाल गांधी उठल्या, तुझी बोटं फिरली तिथे तिथेच. सकाळी वहिनीने तेच मलम लावलं तेव्हा काही झालं नव्हतं.
३. मी ठकीला तुझ्या मांडीवरून ओढून नळाखाली धरलं. ती किंचाळली.
४. तू म्हणालास, "बाईसाहेब, माझी पोर आहे, तुमच्या प्रयोगशाळेतला उंदीर नाही." मी चपला घातल्या.

ओढायला नको होतं. चुकलं.

आता ऐक. त्वचेतून पाणी किती निसटतं, हे मोजणं माझं काम आहे. ठकीच्या त्वचेचा वरचा थर नीट बांधला गेलेला नाही, म्हणून ती सारखी कोरडी पडते, फाटते. त्यात वहिनीची काही चूक नाही. तिला कोणी बोलत असेल तर थांबव. आतलं पाणी बाहेर जातं, तसं बाहेरचंही आत शिरतं. एखादा पदार्थ आधी तोंडावाटे गेला, तर शरीर बहुधा त्याला सामावून घेतं. तोच आधी फाटक्या कातडीतून गेला, तर त्याच्याशी वैर धरू शकतं. तुझ्या हातांना बदामाची पूड होती. रोजच असते.

माझा अंदाज चुकीचाही असेल. तपासल्याशिवाय कळणार नाही. पण शनिवारी तिच्या वाढदिवसाला तू तिला पहिल्यांदा बदामाचा केक भरवणार आहेस. तिच्या कोपरांवरच्या गांधी पाहूनही. घसा सुजला तर आपल्या हातात फार वेळ नसेल.

वहिनी म्हणाली, "हे म्हणतात, शिकल्यापासून हिला पिठाची लाज वाटते." लाज नव्हती रे. पिठाने माझी बोटं फाटायची. पुढे पुढे भट्टीपाशी उभं राहिलं की छातीत शिट्टी वाजायची. बाबा नुकतेच गेले होते, बेकरीचं सगळं तुझ्या एकट्याच्या अंगावर होतं. त्यात माझं दुखणं कुठे काढू? म्हणून "कंटाळा आला" म्हटलं. तू बोललास ते ऐकून घेतलं. बाबांच्या टाचा आठव, कशा भेगाळलेल्या असायच्या. ठकीला त्यांचं नाक आलं नाही म्हणून आपण किती हसलो होतो! कातडी मात्र आली.

केक कर, पण बदाम नको. ॲलर्जीच्या डॉक्टरांची शुक्रवार सकाळची वेळ मी घेतली आहे. तोवर बेकरीचे कपडे बेकरीतच बदल आणि साबणाने हात धुऊनच तिला घे. ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर मला विचारत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ.

मी सोबत यायलाच हवं असं नाही. वहिनी नेईल. वेळ ठेवू की सोडू, ते गुरुवारपर्यंत कळव. राग तसाच ठेवून कळवलंस तरी चालेल.

तुझी,
धाकटी