चांदीच्या झाकणाची दौत

॥ श्री ॥
माले, वैशाख वद्य ५, शके १८५०

चि. हैबतराव यास तुळजाआक्काचे मनापासून आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळं ठीक. तुझी आणि सौ. सारजाबाईची खुशाली कळवत जा.

तुझ्या दोन्ही बैलगाड्या काल दुपारी पौडावरून येऊन पोचल्या. घर नव्या धर्तीनं सजवायचंय असं तू लिहिलं होतंस, तेव्हा मला वाटलं आरसे येतील, फार तर एखादं कपाट येईल. गवत उपसलं तर सांबराची तीन मुंडकी निघाली. मग एक गव्याचं. मग जबडा उघडा ठेवलेलं बिबट्याचं कातडं, दोन पायांवर उभं केलेलं अस्वल आणि हत्तीचा पाय. हैबती, हत्तीचा पाय! आतून पोकळ करून त्याला पितळेची कड बसवलीय. गाडीवान म्हणाला, सायबलोक ह्यात छत्र्या ठिवत्यात. आपल्या छत्र्या इतकी वर्षं खुंटीवर सुखात होत्या.

मी काही माळकरी नाही. आबा रानडुक्कर मारून आणायचे ते मीच शिजवायची, आणि साऱ्या आळीला वाटा जायचा. पण खाऊन झाल्यावर त्याचं तोंड कुणी भिंतीवर टांगलं नाही. या मुंडक्यांना काचेचे डोळे लावलेत. मी स्वैपाकघरात जाते तर बघतात, देवापाशी बसते तर बघतात. मला शिसारी येते, ती लिहून ठेवते, म्हणजे मग आक्का बोलली नाही असं व्हायला नको.

झाडलोटीला आलेल्या कोंडाबाईनं तर अस्वलाला पाहून डोक्यावरचा पदर पुढं ओढला. परका पुरुष उभा हाय असं वाटलं म्हणाली.

आता कामाचं. मैनेचा गुडघा कसा आहे? पाडव्याला तू तिला पुण्याच्या घोड्यांच्या डॉक्टरकडे नेलंस, तेव्हापासून पागेकडे पाहवत नाही. तिच्या पुढच्या डाव्या खुराला जुनी आडवी चीर आहे. नदीच्या दगडांत अडकला होता तेव्हाची. नालबंदाला आधी सांगून ठेव. आणि आबांनी जाताना माझा हात धरून काय मागितलं ते तू दारात उभा राहून ऐकलं आहेस. मैना याच पागेत म्हातारी व्हावी, आणि खळ्याकडच्या आंब्याखाली, तिच्या आईशेजारी तिला माती मिळावी. आपल्या घरचं घोडं सबंध जातं, नालसुद्धा काढत नाहीत. मी हो म्हटलं होतं. तेव्हा गुडघ्याची सूज उतरली की तिला लगेच धाडून दे. पागेतला धुळाजी रोज विचारतो, घोडी कवा येनार.

थोरल्या बहिणीचा जीव तुझ्यात आहे हे विसरू नको.
तुळजा

•

पुणे कॅम्प, ज्येष्ठ शुद्ध २

ती. गं. भा. आक्का हिचे चरणी हैबतरावाचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून सारजा आणि मी खूप हसलो. आक्का, काळ बदलला. आमच्या दुकानात बंदुका, तंबू, गळ घ्यायला जी बडी मंडळी येतात, त्यांच्या बंगल्यांत एकदा पाहावे. मोकळ्या रानाची हवा घरात आणायची, असे आमचे साहेब म्हणतात. धरणाचे पाणी झाल्यापासून मुळशीकडे जायला सगळे उत्सुक आहेत. वाटेवर आपले घर आहे. ते शिकारी मंडळींच्या पसंतीला उतरले तर साहेब मला दुकानाच्या गादीवर बसवतील, असे त्यांनी आपणहून सांगितले आहे.

या पंधरवड्यातच दहाजण येत आहेत. गव्याचे मुंडके दाराच्या समोर यावे. बिबट्याचे कातडे बैठकीत, तोंड पाहुण्यांकडे. पागा रिकामीच आहे, तेव्हा ती सारवून, चुना लावून तेथे जेवणाचे टेबल मांडावे. याची मंडळींना फार गंमत वाटेल.

मैनेच्या गुडघ्याची सूज पूर्ण उतरली. साहेबांच्या मुलीला ती फार आवडली आहे. लहान चण, गरीब स्वभाव. रोज सकाळी तिच्यावर रपेट करते. पावसाळ्यात येथे कुत्री सोडून कोल्ह्यामागे घोडी घालायचा खेळ असतो, तोवर मैनेला राहू दे असा तिचा हट्ट आहे. साहेबांच्या मुलीला नाही कसे म्हणू, तूच सांग.

रागावलीस तरी माया कमी करू नको.
तुझा हैबती

•

माले, ज्येष्ठ वद्य ८

चि. हैबतरावास आशीर्वाद. वि. वि.

तुझे दहाजण येऊन गेले. तू मध्ये हात जोडून फिरत होतास, तेव्हा बोलता आलं नाही. आता बोलते.

बारा खणांचं कोरडं घर असताना त्यांनी अंगणात तंबू ठोकले. विहिरीला पाणी असताना बाटल्यांतलं प्यायले. मी आणि कोंडाबाईनं पहाटेपासून राबून सांज्याच्या पोळ्या आणि वांग्याचं भरीत केलं, ते बाजूला सारून वेताच्या पेट्यांतून थंडगार मांसाचे काप काढून गवतावर बसून खाल्ले, आणि पागेतलं टेबल शोभेला राहिलं. घरात रान आणायचं आणि जेवायला रानात जायचं, हे कसलं शास्त्र ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

दोन दिवस दहा बंदुकांनी मिळून एक ससा मारला. त्या सशाबरोबर प्रत्येकानं फोटो काढून घेतला, हात बंदुकीवर ठेवून. ससा अकरा वेळा उचलला, अकराव्यांदा तुझ्यासाठी. शेवटी त्याला वास यायला लागला तेव्हा कुंपणापाशी टाकून गेले. खाल्लासुद्धा नाही! तो मी धुळाजीकडून पुरून घेतला. त्यातला एक पाहुणा बिबट्याच्या जबड्यात विझलेली विडी खोचून हसत होता, आणि हैबती, तूही हसत होतास. मला तुझी किळस आली. पाठच्या भावाबद्दल असं लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण आली.

पावसाळी हवेनं गव्याच्या कानातून अळ्या पडताहेत. जेवताना वर बघायची सोय राहिली नाही.

कोल्ह्यामागे धावायला मैना काही कुणाची चाकर नाही. तिला सोळावं लागलंय. आणि तिच्या पागेत तू टेबल मांडलंस, मग ती आल्यावर उभी कुठं राहील याचं उत्तर तुझ्या पत्रात नाही. टेबल मी बाहेर काढून गव्हाणीत वाळलं गवत भरून ठेवलंय.

राग ओसरला की पुन्हा गोड लिहीन.
तुळजाआक्का

•

पुणे कॅम्प, भाद्रपद शुद्ध १०

ती. आक्काच्या चरणी सा. न. वि. वि.

मध्ये बरेच दिवस पत्र नाही, त्याची क्षमा असावी. कामाची धांदल होती.

सोबत पौडच्या अन्वरशेठच्या टांग्यातून एक लहान पेटी पाठवली आहे. तुला माझ्या पाठवलेल्या वस्तू आवडत नाहीत, म्हणून ही खास तुझ्यासाठी करवून घेतली. दौत आहे. झाकण अस्सल चांदीचे. तुझ्याइतकी पत्रे आपल्या घरात कोणी लिहीत नाही, तेव्हा ती तुझ्याकडेच शोभेल. बड्या घरांतून अशी दौत मोठ्या मानाची समजतात.

मैनेची काळजी नको. तिला आता कसलीही दगदग नाही.

सारजा माहेरी गेली आहे. तिची प्रकृती बरी नव्हती. जेवण जात नव्हते.

लहान भावावर छाया असू दे.
हैबती

•

माले, आश्विन शुद्ध ६

चि. हैबतराव यास तुळजाआक्काचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

दौत पोचली, आणि या खेपेला पहिल्यांदा तुझ्या पेटीतून डोळे नसलेली वस्तू निघाली! खरं सांगते, हरखून गेले. हे पत्र तिच्यातूनच लिहितेय. कारागिरानं घोड्याच्या खुराचा घाट हुबेहूब साधलाय. म्हशीचं शिंग असावं, नाही? काळंभोर, गुळगुळीत. एका बाजूला बारीक आडवी रेघ गेलीय, ती शिंगातलीच असेल. त्यानं काही बिघडत नाही. इतक्या घाटांमधून तू खुराचा निवडलास, म्हणजे माझ्या मनात काय चाललंय ते तुला कळतं. मागच्या पत्रात फार टाकून बोलले, ते मनावर घेऊ नको.

लिहिताना डाव्या हातानं धरून ठेवायची सवय लागलीय. हाताला बरी वाटते.

आता एक मागणं. पावसाळा सरला, तुमचा कोल्ह्यांचा खेळही संपला असेल. दसऱ्याला मैना दारात हवी. आबा गेल्यापासून एक दसरा तिच्या पूजेवाचून गेला नाही. मी विधवा, कुंकवाला हात लावत नाही. पण तिचे खूर धुवायचे ते मीच, आणि हळदकुंकू लावायचं ते कोंडाबाईनं. म्हणून हे पत्र घेऊन धुळाजीलाच पाठवतेय. त्याच्या पंच्यात हरभरे आणि गूळ बांधून दिलाय, तो मैनेसाठी आहे. तू खाऊ नको. परतीला तिच्यावर बसणार न्हाई, संगं चालत येईन, असं त्यानं आपणहून सांगितलं. गुडघ्याला जपायला हवं ना.

दसऱ्याचं सोनं तुझ्या वाट्याचं राखून ठेवते.
तुळजाआक्का

•

पुणे कॅम्प, आश्विन शुद्ध ८

ती. आक्काच्या चरणी अपराधी हैबतरावाचा सा. न. वि. वि.

धुळाजी दारात बसला आहे. पाणीही घेत नाही. त्याला मोतद्दाराने तबेल्यातच सांगून टाकले, तेव्हा आता मलाही लिहिले पाहिजे.

अधिक श्रावणात कोल्ह्यामागे धावताना मैना चर ओलांडताना चुकली आणि पडली. पुढचा उजवा पाय मोडला. साहेबांच्या मुलीला खरचटले इतकेच. घोड्याचा पाय मोडला की त्याला गोळी घालतात, ती दयाच असते. मी तेथे नव्हतो. असतो तरी काय करणार होतो?

तुला लगेच कळवायचा धीर झाला नाही. पण आक्का, तिचा अपमान झाला असे मानू नको. साहेब लोकांत आवडत्या घोड्याची आठवण टाकून देत नाहीत. साहेबांनी स्वतः पुढाकार घेऊन तिचे खूर मढवून घेतले. एक साहेबांच्या टेबलावर आहे. एकाची मुलीने टाचण्या खोचायची गादी केली. एक दुकानाच्या काचेत मांडला आहे, लोक थांबून पाहतात. चौथा मी तुझ्यासाठी मागून घेतला. ती शिंगाची दौत नव्हे. तुला खरे सांगावे असे फार वाटत होते.

सारजेला कळले त्या दिवसापासून ती माहेरी आहे.

पदरात घे.
हैबती

•

माले, विजयादशमी

हैबतराव यास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र पेन्सिलीनं लिहितेय.

धुळाजी आज दुपारी आला. तुझं पत्र त्यानं मला लगेच दिलं नाही, आधी देवघरापाशी गेला. तिथं आबांची तलवार, मैनेचं खोगीर आणि तुझी दौत पूजेला मांडली होती. सकाळी मी दौत धुतली होती. कोंडाबाईनं तिला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. धुळाजीनं ती उचलली, आडव्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, आक्का, ह्यो डावा फुडला हाय. मग खाली बसला. पंच्यातला गूळ तसाच परत आणला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

म्हणजे दसऱ्याला मी तिचा खूर धुतला आणि कोंडाबाईनं कुंकू लावलं, नेहमीसारखंच. चारांपैकी एकाला.

मी तिच्यात टाक बुडवून तुला गोड गोड लिहिलं. हाताला बरी वाटते असं लिहिलं. तेव्हापासून तो हात धुतेय. धुळाजीला मोतद्दारानं आणखी सांगितलं की पाय काढून घेतल्यावर बाकीची मैना त्या शिकारी कुत्र्यांना घातली. हे तू लिहिलं नाहीस. ही दया कुठली, तेवढं तुझ्या सायबाला विचार.

तुझी मुंडकी, अस्वल, कातडं आणि तो हत्तीचा पाय उद्या गाडीनं परत निघतील. तुझे पाहुणे या उंबऱ्यात येणार नाहीत. घर तुझंही आहे, कोर्टात जायचं तर जा. मी त्या भिंतींना हात लावू देणार नाही.

आबांना मी सबंध घोडी मातीला देईन म्हणून सांगितलं होतं. सबंध आता कुठून आणू? जेवढी उरली तेवढी तरी देईन. दौतीतली शाई ओतून टाकली, चांदीचं झाकण उचकटून या पत्रासोबत धाडलंय, ते तुझं आहे. आंब्याखाली, तिच्या आईशेजारी, धुळाजीनं खड्डा खणला. चार खुरांच्या मापाचा. डावा पुढचा त्यात ठेवला आणि नारळ वाढवला.

माती मात्र लोटलेली नाही. वर फळी टाकून ठेवलीय. एक सायबाच्या टेबलावर, एक त्याच्या पोरीच्या टाचण्यांखाली, एक तुझ्या दुकानाच्या काचेत. गादी मिळो न मिळो, ते तिन्ही मागून आण. तुझ्या वाट्याचं सोनं पागेच्या गव्हाणीत ठेवलंय. तीन पाय घेऊन आलास तर घे.

खड्डा उघडा आहे.

तुळजा