मिसळवाल्या काकांनी विचारलेला भाऊ

रविवार, संध्याकाळ

वजन कमी करायच्या ऑपरेशनला पाच महिने झाले. आज पहिल्यांदाच पंचवटीतल्या नेहमीच्या मिसळवाल्या काकांकडे गेलो. चार चमचे मटकीतच पोट गच्च. काका मात्र सगळ्यांची भरतात तशी, न विचारता, माझीही रश्श्याची वाटी भरून गेले. भूक नव्हती, तरी नजर त्या वाटीवरून हटेना. मग ते काय होतं?

काका परत आले. "तुमचे मोठे भाऊ बऱ्याच दिवसांत आले नाहीत. चेहरा अगदी तुमच्यासारखा, अंगाने भरलेले. तीन वाट्या रस्सा लागायचा त्यांना. बरे आहेत ना?"

मला भाऊच नाही. तरी "बरे आहेत" म्हणालो. का म्हणालो?

"पाठवा एकदा."

"सांगतो."

भरलेली वाटी तशीच ठेवून उठलो. त्याच्यासाठी ठेवली की काय, कळत नाही.